नावाची ताटं

हरिओमला कल्पना सुचली की तो आधी टाळी वाजवतो आणि मग तोंड उघडतो. त्या दिवशी पूर्णेच्या आमच्या कॉलेजात त्याने इतक्या जोरात टाळी वाजवली की एनएसएसचे सर दारातच थबकले.

"गावजेवनाला थर्माकोल पायजेच कशाला? गावात ताटं काय कमी हायेत?"

विषय चालला होता शिवकन्याच्या गावच्या सप्त्याचा. शिवकन्या माझ्या बाकावरची. गाव हिवरवाडी, ताडकळसच्या अलीकडे फाट्यावरून आत. तिचे वडील मल्हारकाका शेळ्या राखतात. मागच्या वर्षी सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, आसपासच्या गावांसकट सगळा मुलूख जेवला आणि त्या चंदेरी पत्रावळ्या, द्रोण, प्लास्टिकचे ग्लास ट्रॉलीत भरून ओढ्यात नेऊन ओतले. पत्रावळीला आमटी लागलेली, मीठ लागलेलं. शेळीला काय, खारट लागलं की ती खाणार. पंधरवड्यात काकांच्या चार शेळ्या पोट फुगून गेल्या. गुरांच्या डॉक्टरांनी एकीचं पोट उघडलं तर आत प्लास्टिकचा हा एवढा गोळा. शिवकन्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून कँटीनमध्ये कुणी प्लास्टिकच्या कपात चहा घेतला तर ती त्याच्याकडे अशी बघते की चहा घशाखाली उतरत नाही.

काकांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "आता आनखी एक जरी गेली, तर राहिलेल्या बाजारात नेतो. मंग समदे पुन्याला कामाला जाऊ. तुजं कालेज बी बास." काका आरडाओरडा करणारे नाहीत. कमी बोलतात आणि बोललेलं करतात, भीती त्याचीच होती. आणि आता सप्ता पुन्हा तोंडावर आला होता.

म्हणजे आम्हाला ओढ्यात एकही पत्रावळ जाऊ द्यायची नव्हती. एवढंच काम. ऐकायला सोपं.

सप्त्याचा कारभार तात्यारावांकडे. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की गावाला त्यांच्यासाठी माईक लावावा लागत नाही. आम्ही पाच-सहाजण त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. हरिओमने प्लास्टिकबंदीचा विषय काढला.

"बंदी परभनीत असंल," तात्याराव म्हणाले. "हिकडं यायलीय अजून. रस्त्यातच हाय."

सगळे हसले. शिवकन्या हसली नाही. ती म्हणाली, "तात्या, आमच्या चार शेळ्या गेल्या."

तात्यारावांच्या कपाळाला आठी पडली. शेजारी मल्हारकाका खाली बघत बसले होते. तात्याराव त्यांनाच म्हणाले, "मल्हार, पोरगी शिकिवली ते ठीक. पर ती आता गावालाच शानपन शिकवायली की."

चारचौघांत बोलले. काकांनी फक्त टोपी सारखी केली. मला इतका राग आला की मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "आम्हाला एक संधी द्या. पंगतीत एकालाही ताटासाठी थांबावं लागलं, तर जिम्मा आमचा."

तात्यारावांना पैज आवडली असावी. ते म्हणाले, "पत्रावळ्याचे खोके मंदिराच्या खोलीत हायेतच. एक मानूस जरी बिनताटाचा बसला, का त्याच टायमाला खोके फोडायचे. आन् मंग ह्या विषयावर पुन्यांदा कुनी तोंड काढायचं न्हाई."

ठरलं!

आपल्याकडच्या घरांत किती ताटं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला आहेर म्हणून आलेली स्टीलची ताटं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेली. रोज वापरायची चार, बाकीची वर्षानुवर्षं वरच. आम्ही गल्लीगल्लीतून हातगाडा फिरवला. बाया आधी नाही म्हणायच्या, मग शेजारणीने किती दिली ते विचारायच्या, आणि मग तिच्यापेक्षा चार जास्त काढून द्यायच्या. भागुबाईंनी तर झोपलेल्या नवऱ्याला उठवून शिडीवर चढवलं. संध्याकाळपर्यंत मंदिराच्या ओसरीत ताटांच्या चळती माणसाच्या खांद्याएवढ्या झाल्या. हरिओम नाचायचाच बाकी होता.

एकच अट प्रत्येकीची, "माजं ताट मलाच माघारी यावं बरं का. बदलाबदली चालनार न्हाई."

"घर नंबर टाकतो मागून," हरिओम म्हणाला आणि खिशातून मार्कर काढला.

मी म्हटलं, "ऑइलपेंट घे बाबा."

"मार्करवर परमनंट लिहिलंय, माधवी."

त्या पठ्ठ्याने शेकडो ताटांच्या पाठीवर नंबर टाकले, जीभ बाहेर काढून, मन लावून.

महाप्रसादाच्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पंगत म्हणजे काय असतं. आजवर मी फक्त जेवून उठले होते. काला फुटला, आणि माणसं जी बसायला लागली ती रांगा संपेचनात. पहिली पंगत आमच्या ताटांवर आरामात बसली. पुऱ्या, बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात. वाढपी धावत होते, तात्याराव कमरेवर हात ठेवून मधोमध उभे होते, आणि त्यांचा एक डोळा सारखा खोक्यांच्या खोलीकडे. पहिली पंगत उठली आणि आमची परीक्षा सुरू झाली. हजारभर ताटं खरकटी, आणि दुसरी पंगत बसायला निघालेली!

धुण्याची बाजू बायनाबाईंकडे होती. गावात कुठलंही कार्य असो, भांड्यांच्या ढिगाशी पदर खोचून बसणारी बाई म्हणजे बायनाबाई. त्यांनी तीन मोठ्या टाक्या ओळीने मांडल्या होत्या: एकीत खरकटं झाडून बुडवायचं, दुसरीशी राखेने घासायचं, तिसरीत विसळायचं. आम्ही पोरं-पोरी ओळीत. ताट हातातून हातात. पहिली काही मिनिटं नुसता गोंधळ, ताटं निसटायली, पाणी अंगावर, मी एकदा आख्खी टाकीत बसले. मग कसा कोण जाणे, एक ठेका सापडला. घे, दे, घे, दे. स्पीकरवर भजन चालू होतं, आमचे हात त्या टाळावर चालायला लागले. गावातली तरणी पोरं, जी सकाळपासून लांबून हसत होती, ती एकेक करून येऊन ओळीत उभी राहिली.

"दोन रांगा बिनताटाच्या!" तात्याराव ओरडले. "खोके काढा रे!"

"आलो, आलो, आलो!" शिवकन्या डोक्यावर ताटांची चळत घेऊन पळत सुटली. पाणी निथळतंय, केस सुटलेत, तोंडाला राख. वाढप्याचा हात पातेल्यातून वर यायच्या आत तिने त्या दोन रांगांपुढे ताटं सरकवली. शेवटचं ताट तिने खुद्द तात्यारावांच्या व्याह्यांपुढे ठेवलं. व्याही म्हणाले, "वा! स्टीलच्या ताटात! आमच्या गावाला तर कागदावर जेवतेत." तात्यारावांची मिशी हलली. खोके बंदच राहिले.

शेवटची पंगत उठली तेव्हा मैदानात सांडलेला भात होता, पुऱ्यांचे तुकडे होते, आणि बास. ओढा कोरडा, स्वच्छ. मल्हारकाका शेळ्या घेऊन आले आणि बिनघोर उभे राहिले. शेळ्या पुऱ्या खात होत्या. शिवकन्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या ओरडलो. इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मी आणि बाकीच्या मुली शेवटच्या बसने पूर्णेला निघालो. शिवकन्या धारा काढायला घरी गेली. ताटं घरोघर पोचवायचं काम मुलांनी छाती ठोकून अंगावर घेतलं. घोटाळा झाला तो तिथंच.

रात्रीचं जेवण करत होते तेव्हा हरिओमचा फोन. "माधवे, एक बी ताट शिल्लक न्हाई! समदी घरपोच!"

"इतक्यात? नंबर बघून लावायला तरी वेळ लागला असेल."

"नंबर कुठं राहिलेत? बायनाबाईनं राखेनं घासून पार काढून टाकले. म्हनं, ताटाला कसली काळी घान लागलीय म्हनून जरा जोरात घासलं."

मार्करवर परमनंट लिहिलेलं होतं खरं, पण बायनाबाईंनी ते वाचलं नव्हतं.

"मग कुणाचं ताट कुठलं, कसं कळलं?"

"अगं, नाव कोरलेलं असतंय की प्रत्येकावर! ज्याचं नाव, त्याला ताट. परगावची नावं तेवढी बाजूला काढली, बाकी झटक्यात वाटली!"

माझा घास हातातच राहिला. आई म्हणाली, काय झालं गं? मला हसावं की रडावं कळेना.

ताटावर नाव असतं ते देणाऱ्याचं. किशनरावांनी भागुबाईच्या लेकीच्या लग्नात ताट दिलं, तर त्यावर 'किशनराव' कोरलेलं असतं, आणि ते नांदत असतं भागुबाईच्या माळ्यावर. घरात भांडी लावणाऱ्या कुठल्याही पोरीला हे ठाऊक असतं. पण आमचे हे शूर वीर जन्मात कधी फडताळाकडे फिरकले नव्हते. त्यांनी अख्ख्या गावाचा आहेर एका संध्याकाळी ज्याचा त्याला परत करून टाकला. आणि आहेर परत करणं म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. तुमचं आमचं संपलं, आमच्या दारात येऊ नका, हाच त्याचा अर्थ.

"हरिओम," मी म्हटलं, "तू गावात एका दिवसात जेवढी भांडणं लावलीस ना, तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत लागत नाहीत."

शिवकन्याचा फोन लागेना. सकाळी पहिल्या बसने मी हिवरवाडी गाठली. हरिओम माझ्या आधीच मोटारसायकलवर पोचला होता आणि मंदिरासमोर मान खाली घालून उभा होता. भोवती सगळा गाव, प्रत्येकाच्या हातात ताटं.

"माज्या बहिनीच्या लग्नात दिल्याली पाच ताटं माघारी आली! म्या काय तिचं वंगाळ केलतं?"

"किशनराव, तुमीच आमचं ताट धाडलं की आधी!"

"म्या कुनाचं धाडलं न्हाई, मलाच पोतंभर आली!"

भागुबाई आणि त्यांची जाऊ एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. ज्यांनी गावभर सढळ हाताने आहेर केले होते त्यांच्या दारात ताटांचा डोंगर, आणि ज्यांनी आयुष्यभर नुसतं जेवून पोबारा केला त्यांच्या दारात एकही नाही. तेही आता सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे तीही मंडळी चिडलेली. मी घसा फोडून एकेकीला समजावत सुटले. पोरांची चूक आहे, कुणी काही परत केलं नाही, फक्त नावं वाचली. हळूहळू एक म्हातारी हसली. मग दुसरी. बायनाबाईंनी तर हसता हसता डोळे पुसले, म्हणाल्या, "पोरास्नी लग्नं लावून द्या रे, म्हंजे कळंल ताट कुनाचं असतंय."

तात्याराव मात्र हसले नाहीत. ते ओट्यावर चढले. "बास झाली ही थेरं. काल पंगत झाली, आज गावात इस्तू लावला. पुढल्या सालापासून खोके. इषय संपला!"

तेवढ्यात शिवकन्या पळत आली. अनवाणी. दम लागलेला.

"आबा शेळ्या घिऊन बाजारला गेले. पहाटंच. समद्या शेळ्या."

आज ताडकळसचा बाजार होता.

"का? काल तर सगळं नीट झालं," मी म्हणाले.

"मला न्हाई सांगितलं. आई म्हनली, रात्री एक ताट आलं आन् ते बघून बसूनच राहिले. जेवले बी न्हाईत. ताट बी संगं नेलंय."

हरिओमचा चेहरा पांढरा पडला. "मल्हार मुंजाजी... एकच ताट होतं त्या नावाचं. मीच दिलं. त्यांनी विचारलं, कुनी धाडलं? मी म्हनालो, तात्यारावांनी धाडलंय. सगळीकडंच तसं सांगितलं मी. तात्यारावांचं नाव घेतलं की वजन पडतंय म्हनून."

सगळ्यांची तोंडं तात्यारावांकडे वळली. ते ओट्यावरून खाली उतरले. एकदम हळू आवाजात म्हणाले, "सोनूच्या लग्नातलं ताट ते. माज्या पोराच्या लग्नात मल्हारनं दिलतं." जरा थांबले. "मी रोज त्याच्यातच जेवतो. चांगलं जड हाय."

मल्हारकाकांना काय वाटलं असेल ते सगळ्यांना एका क्षणात कळलं. ओट्यावर चारचौघांत ते टोचून बोलणं, आणि वर आहेर परत. गावातल्या मोठ्या माणसाने आपल्याशी संबंध तोडला, तर शेळ्या कुणाच्या बांधाला चारायच्या आणि राहायचं कशाच्या जोरावर? मला काकांच्या त्या सारख्या केलेल्या टोपीची आठवण झाली.

"गाडी काढ रे, शान्या!" तात्याराव गरजले.

हरिओमच्या मागे तात्याराव धोतर सावरत बसले. शिवकन्याने आणि मी किशनरावांच्या नातवाची स्कूटी मागून घेतली. आयुष्यात इतकी जोरात स्कूटी मी कधी चालवली नाही. खड्डा आला की दोघी हवेत. पुढे तात्याराव हरिओमच्या पाठीत बुक्क्या घालत होते, "पळीव! पळीव!" वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तर त्यांनी त्या ड्रायव्हरला अशी हाक मारली की त्याने ट्रॅक्टर थेट रानात घातला.

बाजार गच्च भरला होता. शेळ्यांचा बाजार एका कडेला. मल्हारकाका तिथं उभे होते, शेळ्या भोवती, आणि समोर व्यापारी. सौदा चालला होता. दोघांचे हात उपरण्याखाली झाकलेले, बोटांनी भाव सांगणं चालू. बघणाऱ्याला काही कळत नाही, फक्त चेहरे दिसतात. काकांचा चेहरा मला बघवला नाही.

व्यापाऱ्याने मान हलवली. म्हणजे जमत आलं होतं.

तात्याराव गर्दीत घुसले. त्यांनी व्यापाऱ्याचा हात मनगटाला धरून उपरण्याबाहेर काढला आणि स्वतःचा हात आत घातला.

"सौदा माज्यासंगं कर, मल्हार."

काकांनी वर बघितलं. हात ओढून घ्यायला बघितला, पण तात्याराव सोडेनात.

"ताट कुठंय माजं?"

"तुमीच धाडलं की माघारी."

"म्या न्हाई धाडलं. ह्या दीडशान्यानं धाडलं." हरिओमचा कान आपसूक तात्यारावांच्या दुसऱ्या हातात गेला. "नाव वाचून ताटं वाटली ह्येनं, गावभर. माजं ताट दे."

"नाव माजं हाय त्याच्यावर," काका हळूच म्हणाले.

"नाव तुजं असंना. ताट माजं हाय. आहेर काय उसना देतेत व्हय रं? सकाळधरून उपाशी हाय मी. दुसऱ्या ताटात जेवू वाटंना."

आजूबाजूची सगळी माणसं सौदा सोडून इकडे बघायला लागली होती. काकांनी खांद्यावरच्या पिशवीतून ताट काढलं. मोडीत घालायला आणलं होतं, हे नंतर शिवकन्याने मला सांगितलं. तात्यारावांनी ते हिसकावल्यासारखं घेतलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं.

पण काका घरी न्यायला शेळ्यांची दावी सोडेनात. म्हणाले, "ताटाचं झालं, तात्या. पर पुढल्या साली पुन्यांदा खोके आलेच तर? माज्या शेळ्या त्याच वड्यात चरतेत."

आत्ता तासाभरापूर्वीच तर तात्यारावांनी गावासमोर 'खोके' म्हणून शब्द दिला होता, आणि हा माणूस दिलेला शब्द फिरवत नाही अशी त्याची ख्याती. शिवकन्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तात्यारावांचा हात अजून उपरण्याखालीच होता. त्यांनी बोटांनी काय सांगितलं ते कुणाला दिसलं नाही. तोंडाने ते एवढंच म्हणाले, "खोके आजच दुकानात माघारी. जेवन ताटातच. आन् ह्यो शब्द बाजारात दिलाय मल्हार, बाजारातला शब्द मोडता येत न्हाई." मग आमच्याकडे वळून ओरडले, "खुना मात्र ऑइलपेंटच्या! ऐकू आलं का?"

हरिओमने कान चोळत टाळी वाजवली. व्यापारी वैतागून म्हणाला, "ओ, माझ्या सौद्याचं काय?"

मल्हारकाकांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "इकायच्या न्हाईत," म्हणाले.

शिवकन्या जी रडायला लागली ती थांबेना. बापाच्या छातीवर डोकं टेकवून, भर बाजारात, हुंदके देऊन. काकांनी आधी शेळ्यांची दावी एका हातात घेतली, मग दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिच्यावरच खेकसले, "आज कालेज न्हाई व्हय तुजं? बुडवून हिकडं कशाला आलीस?"